भिंतीची बारा चित्रं

बाबा : ऐच्छिक लिहिलंय ना तिथे? ऐच्छिक म्हणजे नाही पाठवलं तरी चालतं. विषय संपला.

आई : अहो, संपला काय! आर्किटेक्चरच्या कॉलेजात चित्रं नाही पाठवायची, तर काय इतिहासाचे मार्क पाठवायचे? हिच्या ड्रॉइंगच्या बाई म्हणाल्या, नुसत्या मार्कांना तिथे कुणी हिंग लावून विचारत नाही.

बाबा : मार्क चांगले आहेत तिचे.

आई : हिच्यासारख्या शंभरजणींचे असतात.

मुलगी : पाच वाजेपर्यंत मुदत आहे. आत्ता साडेतीन.

बाबा : मग दुसरी पाठव. ते तळ्याचं काय वाईट आहे?

मुलगी : एकाच विषयावरची बारा हवीत. माझ्याकडे बारा एकाच विषयाची आहेत.

आई : आमच्या वाचनालयाची भिंत! दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझी जेवणाची सुट्टी व्हायची वाट बघत बसायची, नि तीच भिंत काढायची. मी म्हटलं, अगं, भिंतीत काय बघण्यासारखं? पण रंगाचे पोपडे, खिळ्यांची भोकं, तो तडा... पट्टी लावून मोजते हो! इमारत खात्यातल्या इंजिनिअरची पोर, दुसरं काय. अगदी तुमच्यावर गेलीय.

बाबा : माझ्यावर नको जायला.

आई : घ्या! कौतुक केलं तरी तोंड पाडून बसायचं. बरं, मी निघते. चारला गोष्टीचा तास. माझं टेबल खिडकीशी गेल्यापासून ती भिंतीलगतची रिकामी जागा मुलांना दिलीय ना, तर तीस-तीस पोरं येतात. ह्यांच्याच कृपेने हो! लग्नाला वीस वर्षं झाली, तेव्हा कुठे बायकोसाठी शब्द टाकला. म्हणाले, तुला उजेड मिळेल.

बाबा : आज नाही गेलीस तर?

आई : का?

बाबा : सहज. शनिवार आहे.

आई : तीस पोरं दारात ताटकळतील नि ह्यांना सहज सुचतंय! खारूताई, तू पाठव गं. ह्यांचं काही ऐकू नकोस. माझी स्कूटरची किल्ली कुठे... ही बघ, हातातच. येते.

(दार ओढून घेतल्याचा आवाज. जिन्यावरची पावलं.)

मुलगी : तुम्ही तिला खरं कारण सांगितलं असतंत, तर ती थांबली असती.

बाबा : कसलं कारण?

मुलगी : चित्रं का पाठवायची नाहीत, त्याचं.

बाबा : परीक्षकांत इंजिनिअर असतात. ते चित्र म्हणून नाही बघणार.

मुलगी : मग काय म्हणून बघतील?

बाबा : तुला कळतंय मी काय म्हणतोय ते.

मुलगी : हे चौथं चित्र. तड्यावर काचेची पट्टी आहे, दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे. तुम्हीच मला समजावलं होतं, काच फुटली की ओळखायचं, भिंत हलतेय. हे सहावं. काच फुटलीय. आणि सातव्यात काच अख्खी.

बाबा : नवी लावली.

मुलगी : कुणी? आधीचे गोळे अंगठ्याने दाबलेले होते, नवे थापीने. मी दिसलं तसं काढलं, बाबा. काढताना कळलंही नाही मला.

बाबा : मीच लावली. इमारत सुरक्षित आहे, असा दाखला मी आधीच देऊन बसलो होतो. खाली माझी सही. वरच्यांना तोंडी सांगितलं, तर म्हणाले, दुरुस्ती पुढच्या वर्षी धरू, तोवर बोभाटा नको. वाटलं, एखादं वर्ष निघेल.

मुलगी : आठव्या चित्रात आईचं टेबल नाहीये.

बाबा : ते उजेडासाठी...

मुलगी : बाबा.

बाबा : हो. मी हलवलं. मला भीती वाटली.

मुलगी : नवव्यात त्या जागी छोटे बाक आहेत.

बाबा : बाक ठेवायला मी सांगितलं नव्हतं.

मुलगी : उचलायलाही सांगितलं नाहीत.

बाबा : काय सांगून उचलायला लावू? दहाजणांनी कारण विचारलं असतं. खारूताई, नोकरी जाऊ दे, मला आत टाकतील. तुझं कॉलेज, हे घर, सगळ्यावर पाणी पडेल. एक महिना दे मला. फाईल मी स्वतः पुढे ढकलतो. तुझी शपथ.

मुलगी : मागच्या महिन्यात तड्यात पेन्सिलचं टोक जात होतं. आज माझं बोट गेलं.

बाबा : कुठवर?

मुलगी : दुसऱ्या पेरापर्यंत.

बाबा : आणि काच?

मुलगी : खाली पडली होती. पोरांच्या पायात जाईल म्हणून आईने झाडून टाकली.

बाबा : आज सकाळी?

मुलगी : आज सकाळी. तेव्हाच सांगणार होते मी. तुमच्याकडे बघून धीर झाला नाही. चुकलंच माझं.

बाबा : थांब. घाबरू नकोस. आई खिडकीशी बसते. ती भिंत खाली आली तरी तिथवर काही येणार नाही. मी मोजलंय.

मुलगी : मोजलंत?

बाबा : दोनदा.

मुलगी : मुलांचं नाही मोजलं? आणि गोष्टीच्या तासाला आई टेबलावर नसते, बाबा.

बाबा : म्हणजे?

मुलगी : मुलांमध्ये बसते. मधल्या बाकावर, भिंतीला पाठ टेकून. मांडीवर कुणीतरी लहान पोर असतंच.

बाबा : हे मला कधी बोलली नाही ती.

मुलगी : तुम्ही विचारलंत कधी?

बाबा : किती वाजले?

मुलगी : चार.

बाबा : पाठव ती. बाराच्या बारा पाठव, माझं नाव घालून पाठव. नाही, ते नंतर. आधी फोन लाव तिला. तू फोन लावत राहा, मी धावतो.

मुलगी : लावून उपयोग नाही, बाबा. गोष्ट सुरू झाली की ती आवाज बंद करते. मुलांचं लक्ष उडतं म्हणून.