दाजींचं सेटिंग

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कॉम्प्युटरमध्ये किती हुशार आहेत ते ऐकाच. द्राक्ष बागायतदारांच्या ईमेल ग्रुपवर बाबांच्या वतीने मी लिहिलेली उत्तरं जातच नव्हती. दाजीही त्याच ग्रुपात, म्हणून त्यांनी ऐटीत माझ्या मेलचं सेटिंग बदललं.

“दाजी, माझे खासगी मेल तर तिकडे जाणार नाहीत ना?”

“छे गं! घाबरतेस काय, मी बसलोय ना!”

तेवढ्यात मैत्रिणीने मेलवर विचारलं, ‘झालं का काम?’ मी उत्तर दिलं, ‘दाजींना ओ की ठो कळत नाही, नुसता रुबाब.’

लगेच दाजींच्या फोनवर मेल आल्याचा आवाज झाला. माझं उत्तर त्यांनी मोठ्याने वाचलं.

आणि दाजी म्हणतात कसे, “बघ, गेलं की नाही ग्रुपवर?”