अर्धी टाकी

जीप दारात नुसती उभी असते म्हणून हसता ना, तर ऐका. मी सूर्यमाळच्या शाळेत मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात वरच्या पाड्यावर पाणी न्यायचं म्हणून माझ्या जुन्या आखूड जीपला मी जव्हारच्या वेल्डरकडून मागे हूक मारून घेतला. त्याने साखळी लावली, पाण्याची टाकी बसवलेल्या ट्रॉलीची चाकं तपासली आणि बजावलं, "गुरुजी, टाकी गच्च भरून न्या, नाहीतर रिकामी. अर्ध्या टाकीतलं पाणी हिंदकळतं. वळणावर ते तुमची जीप ढकलेल."

"आता तू मला शिकव," मी हसलो.

पहिल्याच फेरीला खालच्या पाड्यावर बायका हंडे घेऊन आडव्या आल्या. "गुरुजी, आमाला पन थोडा द्या." नाही कसं म्हणायचं? अर्धी टाकी तिथेच संपली. मला वाटलं, ओझं हलकं झालं, बरंच झालं.

वरच्या पाड्याच्या तोंडाशी उतार आहे. तिथे वळण घेतलं आणि मागून कुणी धक्का मारावा तशी जीप फिरली. ती बांधाला अडकली, पण ट्रॉली कलंडली. रांगेत मांडलेल्या हंड्यांसमोरून सगळं पाणी दरीत गेलं.

मी खाली उतरलो. आता शिव्या पडणार, असं वाटलं. तेवढ्यात एक म्हातारी तांब्या घेऊन पुढे आली. "लागला का रं, गुरुजी? घे, पानी पी."

तिच्या घरात तेवढंच पाणी असणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी तो तांब्या एका दमात रिकामा केला.