मनकर्णेचा शेवट

बुधरी : पाणी मंग घेईन गुरुजी. पयले सांगा, तो घोडा बोलत होता का नाई?

खुशाल गुरुजी : कोणता घोडा?

बुधरी : कोणता म्हंता? सव्वीस जानेवारीच्या पिच्चरमधला. शाळेच्या ओसरीत टीव्ही मांडून दरसाल तुमी दाखवत होते. पयलीपासून चौथीपर्यंत चार सालं मी तोच घोडा पायला.

गुरुजी : आधी बस तरी. एटापल्लीहून नागभीडला आलीस, तीन गाड्या बदलून. लेक बघ, परसात आमच्या हिच्या, शकूच्या मागं मागं हिंडते आहे. तिनं काही खाल्लं का?

बुधरी : खाईल पोरगी मंग. घोडा बोलत होता का?

गुरुजी : नाही. नुसता उडायचा.

बुधरी : बोलत नोहता.

गुरुजी : सिनेमा तेलुगू होता बुधरी. सिरोंच्याच्या बाजारात तेवढी एकच कॅसेट मिळाली. मला तेलुगू येत नव्हतं, तुम्हालाही नाही. मग मी आवाज बंद केला आणि टीव्हीजवळ उभं राहून सांगत गेलो.

बुधरी : तेलुगू होता हे मालूम हाये. आमाले वाटे, तुमी तेलुगूचंच मराठी करून सांगता.

गुरुजी : तसं मी कधी म्हटलं नव्हतं.

बुधरी : ‘तसं नाई’ असंबी तुमी कधी म्हटलं नाई. मंग सतराचा पाढा?

गुरुजी : त्याचं काय?

बुधरी : राजकुमार विहिरीच्या तळाले जाते. तिथी लोखंडी दार. तो सतराचा पाढा म्हंते अन् दार उघडते.

गुरुजी : तिथं तो काहीतरी मंत्र म्हणतो. तुमच्या वर्गाचा सतराचा पाढा फार कच्चा होता.

बुधरी : साऱ्या शाळेनं पाठ केला त्याच्यापायी. माह्या भावानं गावच्या विहिरीत वाकून म्हटला.

गुरुजी : माहीत आहे. मागून त्याची चड्डी मीच धरली होती.

बुधरी : हासू नोका गुरुजी. मी हासाले नाई आली.

गुरुजी : बरं. नाही हसत. काय झालं ते पहिल्यापासून सांग.

बुधरी : मनकर्णाचा वाढदिवस होता, नववा. मी प्रवीणले म्हटलं, माह्या दिराले, का मोबाईलवर तो पिच्चर धुंड. लय दिवस धुंडला त्यानं. सापडला, हिंदीत केलेला. मंग भिंतीवर पिच्चर पाडाची मशीन आणली भाड्यानं, चादर बांधली, मोहल्ला बलावला. पन्नासक लोकं असतील. मी साऱ्याईच्या समोर उभी राहून म्हटलं, जिच्यावरून मी लेकीचं नाव ठेवलं ते रानाची राणी आता पाहा.

गुरुजी : तू आधी पाहिला नव्हतास?

बुधरी : काऊन पाहू? मले तोंडपाठ होता. राणी राजकुमाराले रस्ता दाखवते. आंधळ्या म्हातारीले डोळे देते. कपाळावर गोंदण, हातावर गोंदण, आमच्या मायसारखं. ते यायची वाट पाहून राह्यली होती मी. लेकीले मांडीवर घेतलं होतं. ते आली, अन् पयलीच गोष्ट बोलली, का मले लेकरांचं मांस पायजे.

गुरुजी : बंद करायचंस तिथंच.

बुधरी : मले वाटलं, पुढं सुधरंल. तुमच्या गोष्टीत सारेच सुधरत होते. मंग राजकुमारानं तिले झाडाले बांधलं अन् जाळलं. लोकं तिच्या भवती नाचले. चादरीवरचे नाचले, तं आमच्या मोहल्ल्यातल्या पोट्ट्याईनंबी टाळ्या वाजवल्या. त्याईले काय मालूम? माही सासू उठून घरात गेली. तिच्या कपाळावर तेच गोंदण हाये.

गुरुजी : बुधरी…

बुधरी : अन् तिले नावबी नाई. पिच्चरभर राक्षसीनच म्हंतेत. मनकर्णा हे नाव आणलं कुठून तुमी?

गुरुजी : माझ्या आईचं आहे.

बुधरी : काय म्हंता?

गुरुजी : पहिल्या वर्षी ती पडद्यावर आली तेव्हा पुढं तुम्ही पोरं होता आणि मागं तुमच्या आया. तुझी आई हसून म्हणाली, ही तर आपल्याकडचीच दिसते. सगळ्या बाया सावरून बसल्या. त्यांच्यापुढं मला राक्षसीण म्हणवेना. तोंडात जे नाव आलं ते बोललो. एकदा चांगली म्हटल्यावर पुढं तिच्या हातून वाईट कसं करवणार? मग मी सगळी गोष्टच फिरवली.

बुधरी : म्हंजे माह्या घरात नऊ सालं तुमच्या मायचं नाव वागून राह्यलं, अन् मले पत्ता नाई. आमच्यात वाराचं नाव ठेवतेत गुरुजी. मी बुधवारची म्हून बुधरी. माही लेक इतवारची. सासू म्हणे इतवारी ठेव. आठ दिवस भांडली मी म्हातारीसंग. आमच्या घरात वाराबाहेरचं नाव कोणाचंच नोहतं. नाव ठेवाच्या दिवशी तुमी आले, झबलं घेऊन. पाळण्यात वाकून नाव आयकलं. तवा तरी बोलाचं.

गुरुजी : मला फार आनंद झाला होता तेव्हा.

बुधरी : तुमाले झाला.

गुरुजी : हे बघ, तुम्ही लहान होता. आठ वर्षांच्या पोरींपुढं त्यांच्या आईसारखी दिसणारी बाई जाळायची? कोणता मास्तर दाखवील?

बुधरी : आठ वर्साची होती तवाचं बराबर केलं. त्याचा राग नाई. दहावी पास झाली तवा सोळाची होती मी. पेढे घेऊन आली होती तुमच्याकडं. लग्नाचं सांगाले आली तवा बावीसची. अन् मंग नाव ठेवलं तवा. तिन्ही वेळा मी त्या पिच्चरची गोष्ट काढली, अन् तिन्ही वेळा तुमी हो हो म्हटलं.

गुरुजी : ती गोष्ट मोडवत नव्हती मला.

बुधरी : अन् डिझेल?

गुरुजी : तेही कळलं तर तुला.

बुधरी : दरसाल शेवट आला का जनरेटर बंद. डिझेल संपलं पोरांनो, आता शेवट मी तोंडी सांगतो. संपत होतं का?

गुरुजी : नाही. पहिल्या वर्षी राजकुमारानं मशाल उचललेली दिसली आणि मी धावत जाऊन बंद केलं. पुढं दरवर्षी, मशाल दिसायच्या आधी.

बुधरी : तिसरीत मी घरी जाऊन रडली, का आमाले शेवट कधीच दिसत नाई. पुढच्या साली माहा बाप आदल्या दिवशी एटापल्लीले पायदळ गेला. जाऊन येऊन दहा कोस. डिझेलची पाच लिटरची कॅन खांद्यावर घेऊन आला अन् तुमच्या हातात देली. म्हणे, गुरुजी, यंदा पोट्ट्याईले शेवट दाखवा.

गुरुजी : आठवते.

बुधरी : त्या साली जनरेटरची मशीन गरम झाली.

गुरुजी : तसं मी सांगितलं.

बुधरी : माहा बाप त्या मशीनीले टोपीनं वारा घालत बसला होता. अर्धा घंटा. थंडी झाली का पाहा गुरुजी, थंडी झाली का पाहा.

गुरुजी : एकदा वाटलं, बाजूला घेऊन त्याला तरी सांगावं.

बुधरी : मंग?

गुरुजी : तो म्हणाला, तुमी थकले असाल, चहा आणू का? मग नाही सांगितलं.

बुधरी : तो तं मरून गेला. शेवट न पायताच गेला, एका परीनं सुटला. आता ह्या पोरीचं सांगा. चार दिवस झाले, शाळेत नाई जाऊन राह्यली. पोट्टे म्हंतेत, तुले झाडाले बांधू. मी मनकर्णा म्हून हाक मारली तं वळून नाई पाहात. आजी इतवारी म्हंते, तवाच ओ देते. दाखल्यावरचं नाव बदलव म्हंते. मी तिले सांगतलं, पिच्चर खोटा, गुरुजीची गोष्ट खरी. ते म्हणे, मंग मी त्याईच्याच तोंडून आयकीन.

गुरुजी : म्हणजे मी तिला सांगायचं की गोष्ट खरी होती?

बुधरी : काय सांगाचं ते तुमी ठरवा. गोष्टी तुमाले चांगल्या जमतेत.

(मनकर्णा परसातून आत येते, आईजवळ उभी राहते.)

गुरुजी : ये बाळा. बस इथं माझ्याजवळ.

मनकर्णा : उभीच बरी हाये.

गुरुजी : तुझ्या आईला मी जी गोष्ट सांगितली ना, ती सिनेमातली नव्हती. मी रचलेली होती.

मनकर्णा : मंग पिच्चरमधली खरी.

गुरुजी : तीही कोणीतरी रचलेलीच. हे बघ, ज्यांनी सिनेमा काढला त्यांनी तुझ्या आजीसारखी बाई कधी जवळून पाहिली नसेल. म्हणून त्यांना गोंदण दिसलं की…

मनकर्णा : तुमी मशीन बंद करे तवा ते झाडाले बांधलेलीच राहे ना?

गुरुजी : हो. तो राजकुमाराचा खेळ चालला आहे, असं मी पोरांना सांगायचो.

मनकर्णा : मंग जाळतेत, हे तुमाले मालूम होतं?

गुरुजी : होतं. एका सुट्टीच्या दिवशी शाळेत एकट्यानं बसून शेवटपर्यंत पाहिलं होतं.

मनकर्णा : आजोबानं डिझेल आणलं तवाबी मालूम होतं?

गुरुजी : तेव्हाही.

मनकर्णा : आईनं सीधं विचारलं असतं तं? मोठी झाल्यावर. माहं नाव ठेवाच्या पयले.

गुरुजी : तुझ्या आईनं विचारलं असतं तर…

बुधरी : खरं सांगा गुरुजी. लेकरू विचारून राह्यलं.

गुरुजी : नसतं सांगितलं. ती माझ्याकडं यायची तेव्हा दर वेळी ती गोष्ट काढायची. तिच्या तोंडून ऐकताना मला बरं वाटायचं. म्हणून नसतं सांगितलं.

बुधरी : आता बोलले.

गुरुजी : पण बाळा, नाव बदलू नको. नावाचा काही दोष नाही. ते माझ्या आईचं नाव आहे. धान रोवून तिनं मला शिकवलं. चांगली बाई होती.

मनकर्णा : मंग तुमच्याजवळच राहू द्या ना ते.

गुरुजी : बुधरी, तू तरी समजाव तिला. आणि जेवून जा. शकूनं तांदूळ धुतलेत.

बुधरी : बाईले म्हणा, मंग कधी येईन.

गुरुजी : येशील ना?

बुधरी : ब्रह्मपुरीची गाडी सुटंल. चाल, इतवारी.