जयवंतीच्या करंडकाबद्दल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, प्राचार्या अहिल्या मॅडम. प्रमुख पाहुणे देवेशभाई. जिचा फोटो आज आपल्या क्रीडा दालनात लागतोय ती माजी विद्यार्थिनी जयवंती. पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आई सोनीबाई. माझे जुने सहकारी, आणि मागे उभं राहून मोबाइल बघणारे विद्यार्थी मित्रहो,

मी वासुदेव. या कॉलेजात एकतीस वर्षं खेळ शिकवला. मला पाच मिनिटं दिली आहेत. पीटीच्या मास्तरला वेळ पाळता येतो, काळजी नसावी.

जयवंती उधव्याहून एसटीने यायची. पहिल्या दिवशी तिने टेनिसची रॅकेट धरली ती कोयत्यासारखी. मी हसलो. दोन महिन्यांत तिची सर्व्हिस मला परतवता येईना, मग हसणं बंद केलं. आपलं कोर्ट तरी कसलं? मातीचं. नेट फाटलं की जवळच्या आगर गावचे कोळी बांधव विणून द्यायचे, इतकं घट्ट की त्यात पापलेटसुद्धा सापडलं असतं. त्या कोर्टावर तयार झालेली ही मुलगी तीन वर्षांत एकेरीचे फक्त दोन सामने हरली. शेवटच्या वर्षी तिच्या जोरावर मुलींच्या संघाने आंतरमहाविद्यालयीन करंडक आणला. तो समोर टेबलावर आहे. टेनिसमधला आपला पहिला, आणि अजून तरी एकुलता एक.

आत्ता सूत्रसंचालन करणाऱ्या श्रुतिकाने जयवंतीचा परिचय वाचला, त्यात एक वाक्य होतं. ‘विद्यापीठाच्या संघात मात्र तिची निवड होऊ शकली नाही.’ तो परिचय मीच लिहून दिला होता. ते वाक्य खोटं आहे.

निवड चाचणी मुंबईत होती, नेमकी आपल्या फायनलच्या दिवशी. फॉर्म पाठवला की चाचणीचं बोलावणं यायचं. जयवंती गेली असती तर आपला संघ उरत नव्हता, आणि मला करंडक हवा होता. मी तिचा फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. तिने विचारलं, “सर, फॉर्म गेला ना?” म्हटलं, “गेला.” पुढे विचारलं, “बोलावणं नाय आलं?” म्हटलं, “नाही आलं.” ती म्हणाली, “जाऊ दे सर, फायनल तरी जिंकू.” आणि जिंकली.

गेल्या महिन्यात आमंत्रण द्यायला उधव्याला गेलो. जयवंती आता तिथल्या मुलींना खेळ शिकवते. एका मुलीची निवड हुकली होती, ती रडत होती. जयवंती तिला म्हणाली, “मी पण कमीच पडलेली. त्यात रडायचं काय?” माझ्या हातातला चहा तसाच राहिला. सतरा वर्षं ती हेच धरून बसली आहे. निघताना सोनीबाईंनी घरचे तांदूळ बांधून दिले. ते अजून तसेच आहेत, शिजवा म्हणून बायकोला सांगवलं नाही.

जयवंती, तू कमी पडली नव्हतीस. तुला कुणी पाहिलंच नाही, मी पाहू दिलं नाही. मला याची लाज वाटते. हा तो फॉर्म. खाली तुझी सही आहे, माझ्या सहीची जागा कोरी आहे. मॅडम, माझी विनंती आहे, दालनात करंडकाशेजारी हाही ठेवावा.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. भाषणाबाहेर जे झालं, ते माफ करायचं की नाही, हे जयवंतीने ठरवावं. आज उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, बाळा.