आप्पांची ओळ

मनाली : चौथ्यांदा काढलं, आई! चौथ्यांदा. सकाळी अकराला टाकलं, दुपारी डबा खाऊन बघते तर गायब. दिमाग खराब झालाय माझा. घरी मांजर्लीला जायचं सोडून मध्येच अंबरनाथला उतरले ती याच्यासाठीच.

भागीरथी : आधी चपला तर काढ. काय काढलं? कुनी?

मनाली : आप्पांचं नाव. तुला सांगितलं नव्हतं. म्हटलं, एकदा टिकलं की मगच सांगू.

भागीरथी : हळू बोल. तुझा दादा जेवतोय तिकडं.

मनाली : जेवू दे. ऐकू दे त्यालाही. हे बघ, नेटवर एक ज्ञानकोश असतो. कुणीही लिहायचं, कुणीही सुधारायचं. त्यात टेल्व्हॉर्न कंपनीचं पान आहे, मराठीतून. मूळ कुठल्या देशातली, किती देशांत कारखाने, टेलिफोनची सर्किटं कधीपासून बनवते, सगळी कुंडली. आपला अंबरनाथचा कारखानापण आहे. मी त्यात एक ओळ टाकली. एकच. 'बारा जून एकोणीसशे चौऱ्याण्णव रोजी अंबरनाथच्या कारखान्यात क्लोरीनची गळती होऊन शिवराम निकाळजे या कामगाराचा मृत्यू झाला.' बस्स. शिवी नाही, काही नाही.

भागीरथी : बारा जून. रविवार व्हता. ओव्हरटाइमला गेले व्हते.

मनाली : तीच तर. टाकली की तासाभरात साफ.

भागीरथी : पर काढतंय कोन?

मनाली : 'तटस्थ' म्हणून कुणी आहे. खरी नावं लावत नाहीत तिथे. कंपनीचाच माणूस असणार, और क्या! एसीत बसून पगार खात असेल हरामखोर, माझ्या बापाला पुसायचा.

भागीरथी : तोंड आवर. अरं महेंद्र, तू बग की जरा. तूच सांभाळतोस न्हवं त्या कंपनीचं पान? अगं, दोन वर्सं झाली. शाळेत शिकवून आला की तेच उघडून बसतो. शेजारच्या वृंदाताईला मी सांगत असते, कंपनी गेली आपल्या गावाला बांबू लावून, पर आमच्या महेंद्रनं तिला नेटवर सरळ ठेवलंय.

(महेंद्र हात धुऊन येतो. टॉवेल शोधतो, सापडत नाही, शर्टालाच हात पुसतो.)

मनाली : दादा?

महेंद्र : बस.

मनाली : दादा, तटस्थ कोण आहे?

महेंद्र : मी.

मनाली : मस्करी करतोयस ना?

महेंद्र : नाही. चारही वेळा मीच काढली. ओळ तू टाकतेयस हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. आप्पांचं नाव इतक्या हट्टानं दुसरं कोण टाकणार?

मनाली : लाज नाही वाटली? बापाचं नाव पुसताना?

महेंद्र : वाटली. पहिल्यांदा दिसली तेव्हा दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो. कंपनीच्या नावाखाली आप्पांचं नाव. मग काढली. संदर्भ नव्हता.

मनाली : संदर्भ गेला चुलीत!

महेंद्र : तिथे नियम आहे, मनाली. प्रत्येक विधानाला छापील संदर्भ लागतो. वर्तमानपत्र, पुस्तक, सरकारी अहवाल. मला माहीत आहे, तुला माहीत आहे, याला तिथे शून्य किंमत.

भागीरथी : अरं, पर मी हाय की! मी बगितलंय. तोंडातनं फेस आलेला मानूस मी मांडीवर घेतलाय. माझं नाव लिव संदर्भात.

महेंद्र : आई, तू संदर्भ होत नाहीस.

भागीरथी : का? मी जित्ती न्हाई का?

महेंद्र : जिवंत माणसाचं बोलणं चालत नाही. छापलेलं लागतं.

मनाली : छापलंय की! ट्रंकेत कात्रण आहे. आईनं जपून ठेवलंय.

महेंद्र : वाचलंयस कधी? 'अंबरनाथ एमआयडीसीतील एका कंपनीत वायुगळती, एका कामगाराचा मृत्यू.' एका कंपनीत. एका कामगाराचा. ना कंपनीचं नाव, ना आप्पांचं. कल्याणला वाचनालयात जाऊन मी त्या महिन्याचे सगळे अंक चाळलेत. दुसऱ्या पेपरांनी तेवढंही दिलं नाही. कंपनीच्या जाहिराती यायच्या सगळ्यांना.

मनाली : बरं. आपली ओळ नाही तर नाही. पण मग ती दुसरी ओळ कशी चालते तुला? खाली लिहिलंय ती? 'या कारखान्यात चोवीस वर्षांत एकही प्राणघातक अपघात झाला नाही.' ती का नाही काढत?

भागीरथी : आसं लिवलंय?

मनाली : हो आई. तुझ्या लेकानं सांभाळलेल्या पानावर.

महेंद्र : काढली होती. तीनदा काढली. संदर्भ मागितला. कंपनीच्या माणसांनी आणून दिला. कारखानदारांचं एक मासिक आहे, त्यात लेख आलाय, कंपनीला सुरक्षेचं बक्षीस मिळालं तेव्हाचा. छापील. पान क्रमांकासकट. मग ठेवली.

मनाली : तू ठेवलीस?

महेंद्र : मीच ठेवली. त्यांचं मराठी भिकार होतं, तेही मीच सुधारून दिलं.

मनाली : वा! शाबास! दादा, तू माणूस आहेस की रबरी शिक्का?

महेंद्र : ऐकून घे. कारखाना बंद केला तेव्हा सगळ्या कामगारांना दुसरीकडे नोकऱ्या दिल्या, असं टाकलं होतं त्यांनी. मी उडवलं. नाला साफ करून दिला म्हणाले, तेही उडवलं. आज त्या पानावर यातलं काही नाही, कारण मी कुणाचा मुलगा आहे हे त्यांना ठाऊक नाही. ठाऊक झालं की मी पक्षपाती. मग मला बाजूला करतील आणि सगळा कचरा परत आत येईल. उद्या ते पान वाचणाऱ्या पोरांना कंपनी देवमाणूस वाटेल.

मनाली : म्हणजे सगळं खरं राहावं म्हणून आपलं एक खरं मारायचं. भारी हिशेब आहे तुझा.

महेंद्र : मला आवडतंय का? पण मासिकवाल्यांनी तरी कुठून लिहिलं? कंपनीच्या अपघात-रजिस्टरवरून. त्यात आप्पा नाहीतच. कागदोपत्री तो अपघात नव्हता. हृदयविकार होता.

मनाली : कुठल्या कागदोपत्री?

महेंद्र : जाऊ दे.

मनाली : नाही, बोल. कुठल्या कागदावर?

भागीरथी : माझ्या.

मनाली : काय?

भागीरथी : माझी सही हाय त्याच्यावर. तिसऱ्या दिवशी आले व्हते. कंपनीतले शरदचंद्र साहेब आनि आनखी एक, गाडी घेऊन. कागद वाचून दाखवला. मानसाला आधीपासनं छातीचा तरास व्हता, कामावर काय झालं न्हाई, माझी तक्रार न्हाई.

मनाली : तुला समजलं नसेल गं. फसवलं त्यांनी तुला.

भागीरथी : उगं अडानी नको करूस मला. सगळं समजलं व्हतं. छातीचा तरास म्हनं! त्या मानसाची कंदी दाढ दुखली न्हवती. पर साहेब म्हनाले, सोमवारपासनं कंपनीच्या कॅन्टीनला कामाला ये. तू पाचवीत, ह्यो नववीत. दीर दारात उबा ऱ्हाईना. मी काय करायला पायजे व्हतं, सांग? ह्येच आप्पा मला हात धरून विहारातल्या वर्गाला न्यायचे, अंगठा नको लावू कुटं म्हनायचे. लई मन लावून सही शिकले व्हते मी.

मनाली : आणि दादा, तुला माहीत होतं.

महेंद्र : कारखाना बंद झाला त्या वर्षी तिच्या पीएफचे फॉर्म भरताना मिळाला कागद. परत होता तिथे ठेवून दिला.

मनाली : मला कुणी सांगितलं नाही.

महेंद्र : सांगून काय करणार होतीस? तिला बोलणारच होतीस ना?

मनाली : ... नाही बोलले असते.

भागीरथी : बोल. बोल की. मी रोज बोलते सवताला. नऊ वर्सं त्याच साहेबाच्या ताटात भात वाढला, 'अजून देऊ का साहेब' म्हनत. महेंद्र, म्हंजी खोटं बोलले तवा माझी एक सही चालली त्येंना. आनि आता खरं बोलते तर मी चालत न्हाई. आसंच ना?

महेंद्र : ... असंच.

मनाली : मी उद्या परत टाकणार.

महेंद्र : मी परत काढणार. आणि सारखं टाकत राहिलीस तर तुझं खातं बंद करतील.

मनाली : करू देत. कॅम्प एकला मी कामाला जाते त्या सेठच्या दुकानात सात कम्प्युटर पडलेत. रोज नवीन खातं उघडीन. तू किती काढतोस बघते मीपण.

महेंद्र : मनाली, नियम मी केलेला नाही.

मनाली : माहितीये. तू फक्त पाळतोस.

भागीरथी : गप बसा दोगंबी. महेंद्र, हिनं टाकल्यावर तू काढंस्तोवर किती वेळ ऱ्हातं ते?

महेंद्र : शाळेत मधल्या सुट्टीत बघतो मी. तास, दीड तास.

भागीरथी : तेवढ्यात कुनी उघडलं तर त्याला दिसतं?

महेंद्र : दिसतं. जगात कुठेही असला तरी.

भागीरथी : मग उद्या मधल्या सुट्टीत नको बगू. घरी आल्यावर बग.