वाकडी झालर

पेणला रोह्याच्या एसटीच्या रांगेत दोघी माझ्यापुढे होत्या. पुढचं सगळं खरं आहे, माझ्या पदरचं काही घालावं लागलं नाही.

“पिशवीत काय गो, रोहिणी?”

“गणपतीच्या मखराची झालर, हौसाकाकी. जावेला दाखवायला वरसेला नेतेय.”

“ती शिमग्यापासून बोलत नाय ना तुझ्याशी?”

“नाय. गणपतीलाही यायची नाय म्हणते.”

“मग झालर कशाला?”

“हा नमुना. सगळी अशीच शिवणार म्हणून तिला सांगेन. वाकडी शिवण तिला बघवत नाय. म्हणंल, थांब, मीच येते शिवायला.”

“बघू. गो, ही तर सरळ हाय.”

“तीनदा उसवली, काकी. हात सरळच जातो.”

“दे इकडं, सुईदोरा काढ. चाळीस वर्षांत माझा एक टाका सरळ आला नाय.”