लॉरेन्सकाकांनी वाटून दिलेला रविवार

आदरणीय फादर, मार्थाकाकू आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवताना मला शब्द कमी पडत नाहीत. आज पडतायत. लॉरेन्सकाका साळवे गेले, हे म्हणायला अजून जीभ रेटत नाही.

मी स्टेला. नाशिक रोडच्या रेल्वे कॉलनीत काकांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढले. काका रेल्वेत फिटर होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आपल्या चर्चचा इतिहास मला पुस्तकातून नाही, त्यांच्या ओट्यावर कळला.

आज शेजारपाजारचेही बरेच जण आलेत, म्हणून थोडं सांगते. आपलं चर्च गोऱ्या सैनिकांनी बांधलं. म्हणून त्यांनी संतही सैनिकच निवडला, संत मार्टिन. कडाक्याच्या थंडीत वेशीपाशी एक उघडा भिकारी कुडकुडताना दिसला, तेव्हा त्यानं तलवारीनं आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. वेदीमागचं चित्र तेच आहे. सैनिक गेले. मग संगमनेर, श्रीरामपूरकडून आपली माणसं रेल्वेच्या नोकरीला आली. पण मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, इंग्रजीतच. मराठी मिस्सा महिन्यातून एकदा, तीही भर दुपारी.

काका म्हणायचे, "आम्ही गुडघे टेकायचो, उठायचो. कशासाठी, ते पुढच्याला बघून कळायचं."

ते आणि त्यांचे जिवलग मित्र सायमनकाका भालेराव बिशपसाहेबांकडे किती खेटे घालत होते! शेवटी रविवार सकाळची मिस्सा मराठीत झाली. त्या दिवशी दोघं एकाच बाकावर बसून रडले, असं मार्थाकाकू सांगतात.

पुढे सातपूर, अंबडच्या कारखान्यांत झारखंडची कुटुंबं आली. मराठी कळायची नाही, म्हणून मिस्सेला ती दाराशीच उभी असायची. एका रविवारी त्यांतल्या एका ताईंनी काकांना विचारलं, "अंकल, आज फादर ने क्या बोला?"

काकांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. घरी गेले. जेवले नाहीत. आणि चर्चच्या पुढच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, "महिन्यातला एक रविवार, सकाळची मिस्सा हिंदीत करू."

सायमनकाका ताडकन उठले. "लॉरेन्स, यासाठी चपला झिजवल्या आपण? आणि आता तू वाटायला निघालास?"

"मार्टिनलाही थंडी वाजतच होती, सायमन."

"संताचं नाव घेऊन मला गप्प करू नकोस. आपलीच पोरं इंग्रजीत प्रार्थना म्हणतात. मराठी उरलीये किती, की तू तिचे तुकडे करतोस?"

मी त्या बैठकीत होते.  खरं सांगा, सायमनकाकांच्या या प्रश्नाचं उत्तर आज आपल्याकडे आहे का?

हात वर झाले, ठराव झाला. हिंदी मिस्सा सुरू झाली. सायमनकाका दुसऱ्या चर्चला जायला लागले. वर्षानुवर्षं दोघं बोलले नाहीत. बाजारात समोरासमोर आले, तरी नाही.

काकांना सोपं गेलं असं समजू नका. हिंदी मिस्सेला ते मुद्दाम पुढे बसत, गाणी चुकीची म्हणत. घरी आल्यावर मात्र मार्थाकाकूंना म्हणत, "आता आपलं एक म्हण गं." मग दोघं स्वयंपाकघरात मराठी गीत म्हणत.

गेल्या महिन्यात ते दवाखान्यात होते. मी डबा घेऊन गेले होते. दार ढकलून सायमनकाका आत आले. पलंगापाशी उभं राहून म्हणाले, "तू तेव्हा चुकलासच. मी आजही तेच म्हणेन."

लॉरेन्सकाका हसले. "म्हण. पण बसून म्हण."

सायमनकाका बसले. काकांचा हात हातात घेतला. भाषेचा विषय पुन्हा निघाला नाही. गावाकडच्या विहिरीत पोहल्याच्या गोष्टी करत होते दोघं. मी डबा ठेवून बाहेर आले.

सायमनकाका आज इथे पुढे बसलेत. चार शब्द बोला म्हटलं, तर नको म्हणाले. पण प्रार्थना त्यांनीच सुरू करावी, अशी मार्थाकाकूंची इच्छा आहे. आणि त्यांनी हो म्हटलंय.

तर उभे राहूया. आधी थोडा वेळ शांत राहू. मग सायमनकाका मराठीत 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणतील. झारखंडच्या ताई-भावांनो, आप हिंदी में बोलिए, साथ-साथ. गलबला होईल. होऊ दे.